सुपातला कारखाना

बिडी ही वस्तू इतकी क्षुद्र, की तिला इतिहास असू शकतो हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आपल्याकडे राजघराण्यांचे इतिहास लिहिले गेले, किल्ल्यांचे लिहिले गेले, कापसाचे आणि गिरण्यांचेही लिहिले गेले. परंतु भंडारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत गेल्या शंभर वर्षांत रोकड पैसा कोणत्या वाटेने आला याचा माग काढू लागावे, तर ती वाट एखाद्या गिरणीच्या फाटकातून जात नाही. ती जाते ओसरीवर मांडी घालून बसलेल्या बाईच्या पुढ्यातील सुपातून. त्या सुपात एका अंगाला कातरलेली पाने, दुसऱ्या अंगाला तंबाखू आणि कडेला दोऱ्याचे रीळ. एवढाच हा कारखाना. त्याला धुराडे नाही, भोंगा नाही, पाटी नाही. म्हणूनच तो सरकारला, कोर्टाला आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकांना फार उशिरा दिसला. तो दिसायला एवढा वेळ का लागला, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

अशा धंद्यांना आज असंघटित किंवा अनौपचारिक क्षेत्र असे म्हणतात. या शब्दांच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. ती अशी, की हे धंदे म्हणजे जुन्या काळाचे उरलेसुरले अवशेष होत; देश पुढे गेला, कारखाने वाढले, की ते आपोआप नाहीसे होतील. भंडाऱ्याच्या बिडीची हकीकत या समजुतीच्या नेमकी उलट आहे. हा धंदा मुळी जुना नाहीच. तो आगगाडीच्या मागून आला. आणि तो घराघरांत शिरला तो वाडवडिलांची रीत म्हणून नव्हे, तर कायदा कारखान्याच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला म्हणून.

भंडारा हा भाताचा आणि तलावांचा मुलूख. कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांच्या पाण्यावर येथे धान पिकते. येथे जिल्हा म्हणताना जुना भंडारा जिल्हा समजावा. गोंदिया त्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. धानाच्या शेतीत रोवणीच्या वेळी आणि कापणीच्या वेळी गावात एक हात मोकळा राहत नाही. पण धान घरात आले, की पुढचे कित्येक महिने हाताला काम नसते. पूर्वी ही उणीव मागाने भरून काढली होती. भंडारा, पवनी, मोहाडी, आंधळगाव येथील कोष्ट्यांची रेशीमकाठी वस्त्रे नावाजलेली होती, आणि जाडेभरडे कापड विणणारी महार कुटुंबे गावोगाव होती. १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८० नंतर नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग टाकला गेला आणि १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंद करून पुढे कलकत्त्याच्या दिशेने नेला. गिरणीचे सूत आणि गिरणीचे कापड या मार्गाने दारात येऊन पडले. रेशीमकाठी विणणारा कसबी कोष्टी कसाबसा तग धरून राहिला. जाडेभरडे विणणाऱ्याचा माग मात्र थांबला. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ मध्यप्रांताने सोसले. हात रिकामे झाले होते. आणि ज्या आगगाडीने ते रिकामे केले, तिच्याच डब्यांतून त्यांच्यासाठी नवे काम येत होते.

हे काम घेऊन आले ते मुख्यतः गुजराती व्यापारी. जबलपूरची मोहनलाल हरगोविंददास ही पेढी विसाव्या शतकाच्या आरंभीची. गोंदियाची छोटाभाई जेठाभाई पटेल ही पेढीही याच व्यवसायात नावारूपास आली. गोंदियाहून जबलपूरकडे अरुंद लोहमार्ग झाला तोही त्याच सुमारास. तंबाखू गुजरातच्या चरोतरातून किंवा निपाणीकडून आणता येई. पण तेंदूचे पान आणि स्वस्त हात या दोन गोष्टी जेथे एकत्र असतील तेथेच बिडी परवडते, आणि भंडाऱ्याच्या जंगलाकाठी त्या दोन्ही होत्या. गोंदिया, तिरोडा, तुमसर, भंडारा या बाजूंना बिडीचे कारखाने उभे राहिले. यातूनच मनोहरभाई पटेल (१९०६-१९७०) यांच्यासारखे बिडीसम्राट पुढे आले. १९५८ साली त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली, आणि ज्या भागात मॅट्रिक होणे हीच नवलाई होती, तेथे महाविद्यालये झाली. बिडीच्या पैशाने या जिल्ह्यात काय केले असे कोणी विचारले, तर हीही जमेची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे.

आता हा पैसा तयार कसा होई ते पाहू. तेंदूची झुडपे उन्हाळ्याच्या तोंडाशी छाटली, की कोवळी, रुंद पाने फुटतात. एप्रिल-मे महिन्यांत अख्खे गाव पहाटेच जंगलात जाते. दुपारी सावलीत बसून पानांचे पुडे बांधायचे, सत्तर पानांचा एक पुडा, आणि ते फळीवर नेऊन मोजून द्यायचे. पुढे हे पान वाळून, पोत्यांत भरून, सट्टेदाराकडे येते. सट्टेदार म्हणजे कारखानदार आणि मजूर यांच्यामधला माणूस. कारखानदार त्याला पान, तंबाखू आणि दोरा तोलून देतो; तो ते घरोघर वाटतो. बाई पान भिजवते, पत्र्याच्या फर्म्यावर कात्रीने कापते, चिमूटभर तंबाखू ठेवून वळते, दोरा गुंडाळते आणि नखाने तोंड मुडपते. मजुरी हजारी, म्हणजे हजार बिड्या झाल्या तर इतके. सकाळचा स्वयंपाक आणि रात्रीचा दिवा यांच्या मध्ये हजाराचा आकडा पुरा करावयाचा, तर घरातल्या म्हाताऱ्या सासूचे आणि शाळेतून आलेल्या मुलीचे हातही त्या सुपात पडतात. नाव मात्र वहीत एकटीचेच. शाळामास्तराला हे निराळे सांगावे लागत नाही. दाखल-खारीज रजिस्टरात पालकांच्या धंद्याचा रकाना असतो. त्यात ‘शेतमजुरी’ लिहिलेली सापडते, बिडी क्वचितच सापडते. आई काय करते, या प्रश्नाला पोरे ‘घरीच असते’ असे उत्तर देतात, आणि ते खोटेही नसते.

संध्याकाळी तयार माल सट्टेदाराकडे जातो, आणि तेथे या धंद्यातला सर्वांत महत्त्वाचा विधी पार पडतो. त्याचे नाव छाट. सट्टेदार किंवा त्याचा चेकर जुडी हातात घेतो, बोटांनी चाचपतो, आणि नापसंत बिड्या बाजूला काढतो. तोंड नीट मुडपले नाही, पान फाटले, बिडी सैल झाली. कारण काहीही असो. छाटीत गेलेल्या बिडीची मजुरी मिळत नाही, आणि बहुधा ती बिडी परतही मिळत नाही. छाट किती काढावी याला पूर्वी सट्टेदाराच्या मर्जीपलीकडे माप नव्हते. वाचकांनी ही छाट ध्यानात ठेवावी. पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात तीच साक्षीला उभी राहणार आहे.

प्रारंभी बरेचसे बिडीकाम कारखान्यांत आणि लहान कोठ्यांत चाले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिटले आयोगाच्या अहवालात बिडीच्या कोठ्यांतील कोंदट हवेची आणि तेथे राबणाऱ्या लहान मुलांची वर्णने आहेत. मुलांची मजुरी गहाण टाकण्यास बंदी करणारा १९३३ चा कायदा या चौकशीनंतरच आला. आपल्या मध्यप्रांतानेही १९३७ साली अनियंत्रित कारखान्यांसाठी खास कायदा केला आणि त्यात बिडीच्या कोठ्या घातल्या. याच काळात कामठीचे बाबू हरदास (१९०४-१९३९), ‘जय भीम’ या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून ज्यांना आपण ओळखतो, ते बिडी मजुरांना संघटित करीत होते. पण या सर्व कायद्यांना एक गोष्ट समान होती. एका छपराखाली अमुक इतकी माणसे असतील, तरच ते लागू. मग छप्परच नको, असा विचार कोणाच्याही डोक्यात येणे साहजिक होते. एका कोठीच्या चार कोठ्या झाल्या. चार कोठ्यांची चाळीस घरे झाली. पुढे १९६६ चा कायदा मांडताना केंद्र सरकारनेच हे नमूद केले, की कारखाना कायद्यातून सुटण्यासाठी मालक आपले उद्योग तुकड्या-तुकड्यांत विभागतात, आणि काम सट्टेदारांमार्फत राहत्या घरांत वाटले जाते.

स्वातंत्र्य आले तेव्हा भंडारा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणजे पुढच्या जुन्या मध्यप्रदेशात होता. दोन मोठे बदल एकाच वेळी घडत होते. पहिला, मालगुजारी गेली. १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले, आणि तेंदूची जंगलेही त्यांच्याबरोबर गेली. बिडीच्या पेढ्यांनी मालगुजारांशी पानांचे करार करून ठेवले होते. त्या करारांचे काय, हा प्रश्न घेऊन छोटाभाई जेठाभाई पटेल पेढी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९५२ च्या अखेरीस जिंकली. १९५९ साली दुसऱ्या एका खटल्यात तेच न्यायालय उलट मताचे झाले आणि पान सरकारचे ठरले. १९६९ साली महाराष्ट्राने कायदा करून तेंदूपानाचा व्यापार आपल्या हाती घेतला. झाडाचा मालक अशा रीतीने दोनतीनदा बदलला. पहाटे जंगलात जाणारी माणसे तीच राहिली.

दुसरा बदल शेतीचा. अन्नाचा तुटवडा होता, आणि बिडीमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. म्हणून १९४८ साली प्रांताने एक विलक्षण कायदा केला: शेतीच्या हंगामात ठरवून दिलेल्या गावांत कोणीही बिडी वळू नये. या कायद्याखाली १९५० च्या जून महिन्यात सागर जिल्ह्यात हुकूम निघाला. चिंतामणराव नावाचे कारखानदार आणि एक बिडी कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि नवी घटना वर्षाचीही झाली नव्हती तोच, नोव्हेंबर १९५० मध्ये, न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कारण मोठे मननीय आहे. न्यायालय म्हणाले, गावात म्हातारी माणसे आहेत, अपंग आहेत, शेतात जाऊ न शकणाऱ्या बाया आहेत. त्यांनी घरी बसून चार पैसे मिळवू नयेत असे म्हणण्यात शेतीचे कोणते हित आहे? घरातले ते सूप देशाच्या न्यायासनाला दिसले ते बहुधा याच वेळी. सरकारच्या दृष्टीने ते हात शेतीचे चुकार मजूर होते. न्यायालयाच्या दृष्टीने ते धंदा करण्यास स्वतंत्र असलेले नागरिक ठरले. पण ते कोणाचे तरी कामगार आहेत, हे म्हणावयास अजून अवकाश होता.

तो अवकाश कसा भरून निघाला, ही कथा खटल्यांची आहे. १९५८ साली पुन्हा सागरचाच एक खटला गाजला. कारखाना निरीक्षकाला बिडीच्या कारखान्यात सट्टेदार सापडले. त्यांची नावे हजेरीपटावर नाहीत म्हणून खटला भरला गेला. न्यायालयाने सांगितले, सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार, कामगार नव्हे. १९६० साली नागपूरचा खटला आला. कारखान्यात बसून बिड्या वळणारे मजूर हवे तेव्हा येत, हवे तेव्हा जात, मजुरी हजारी. त्यांना पगारी रजा द्यायची का? न्यायालय म्हणाले, हो. कारण वाईट माल नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे, तेव्हा ताबाही त्याचाच. लगेच १९६१ साली महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका कारखान्याच्या बाबतीत बहुमताने उलट निकाल लागला, की हवे तेव्हा येणारा-जाणारा माणूस कामगार होत नाही. एकच बिडी, एकच सूप. एका वर्षी नोकर, दुसऱ्या वर्षी कोणी नाही. कायद्याच्या मनात कामगाराचे जे चित्र होते, ते भोंगा वाजताच फाटकातून आत जाणाऱ्या माणसाचे. त्या चित्रात ओसरी बसत नव्हती.

म्हणून १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा महत्त्वाचा. त्याने प्रथमच घरी काम करणाऱ्याला नावानिशी कामगार म्हटले, आणि पान-तंबाखूचे वाटप, छाट व छाटीची मजुरी यांवरचे तंटे सोडविण्याची तरतूद केली. मालक अर्थातच न्यायालयात गेले. १९७४ साली कायदा वैध ठरला. १९७६ साली बिडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभारला गेला; ओळखपत्र, दवाखाना, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरकुले त्यातून आली. १९७७ साली भविष्यनिर्वाह निधीची योजना बिडीला लागू झाली. मालकांनी पुन्हा विचारले, आमच्या घरी न येणारी, आम्ही जिला पाहिलेही नाही, ती बाई आमची नोकर कशी? १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला उत्तर दिले. तिने वळलेली बिडी नाकारण्याचा हक्क तुमच्याकडे आहे ना? मग ती तुमची. संध्याकाळी बाजूला फेकल्या जाणाऱ्या ज्या बिड्यांनी पिढ्यान् पिढ्या तिची मजुरी खाल्ली, त्याच छाटीने शेवटी तिला मालक मिळवून दिला.

याच सुमारास जगातले विद्वान या विषयाकडे वळले होते. १९५४ साली आर्थर लुईस या अर्थशास्त्रज्ञाने मांडले होते, की जुन्या शेतीतील जादा माणसे हळूहळू आधुनिक उद्योगात ओढली जातात. १९७१ साली कीथ हार्ट या इंग्रज अभ्यासकाने घाना देशातील अक्रा शहराच्या गरीब वस्तीबद्दल निबंध वाचला, आणि त्यातून ‘अनौपचारिक’ हा शब्द रूढ झाला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियावरील अहवालाने तो सर्वतोमुखी केला. हार्टने जे पाहिले ते खरे होते: ज्यांना बेकार म्हणतात, ते मुळीच रिकामे नसतात. पण लुईसच्या चित्रात माणूस ओसरीवरून कारखान्यात जातो. आपल्याकडे कारखानाच ओसरीवर आला. म्हणजे ती ओसरी मागासलेपणाची खूण नव्हती. आधुनिक व्यापाराने, आधुनिक कायद्याचा हिशेब करून, ती आपल्यासाठी निवडली होती.

सोलापुराकडे पाहिले म्हणजे या निवडीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. तेथेही विणकर समाजच बिडीत आला. पद्मशाली घरांतील पुरुष यंत्रमागावर आणि स्त्रिया बिडीवर. पण तेथे हजारो बाया एका शहरात होत्या, मोर्चाला एका चौकात जमू शकत होत्या. त्यांच्या संघटनेच्या बळावर कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत झाली आणि २००६ साली घरांच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. भंडाऱ्यात तीच बाई खेड्याखेड्यांत विखुरलेली, शेजारणीलाही स्पर्धक समजणारी. विखुरणे हाच या कारखान्याचा पाया असल्यावर एकत्र येणे ही त्यावरची एकमेव मात्रा होती. आणि तीच येथे दुर्मिळ ठरली.

आता हा धंदाच ओसरीला लागला आहे. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. बिडी आरोग्याला घातक आहे. ओढणाऱ्याला तर आहेच, पण दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बाईलाही आहे. २००३ साली तंबाखूविरोधी कायदा झाला, २००९ पासून पुड्यांवर चित्रमय इशारे आले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला; बिडी २८ टक्क्यांच्या वर्गात गेली, आणि कल्याण निधीचा उपकर बंद झाला. १९६६ चा कायदाही आता स्वतंत्र उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. तेंदूच्या बाजूला एक चांगली गोष्ट घडली: २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपानावर ग्रामसभेचा हक्क मानला, आणि गडचिरोली-गोंदियाकडील कित्येक ग्रामसभा स्वतः पानाचा लिलाव करू लागल्या. पान तोडणाऱ्याला हक्क मिळाला. वळणारीला काय मिळाले? भविष्यनिर्वाह निधीत जिचे नाव लागले, तिला निवृत्तिवेतन. २०१४ साली त्याची किमान रक्कम महिना १००० रुपये ठरली. वहीत नाव एकटीचे आणि सुपात हात तिघींचे, हे आपण वर पाहिलेच. बाकीच्या दोघींच्या वाट्याला कागदच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखूविषयक करारावर भारताने २००४ साली मान्यतेची मोहर उठविली. त्या कराराच्या सतराव्या कलमात तंबाखूच्या कामगारांना दुसरा परवडणारा रोजगार देण्यास साहाय्य करावे, असे वचन आहे. घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली केलेला ठराव मात्र आपण अजून स्वीकारलेला नाही. जात्यातले आणि सुपातले अशी आपल्याकडे म्हण आहे. बिडी जात्यात पडली, हे योग्यच झाले. सूप धरणारे हात तिच्याबरोबर भरडले जाऊ नयेत, एवढीच मागणी आहे, आणि ती दयेची नसून जुन्या थकबाकीची आहे.

कारण बिडी गेली तरी तिने शिकविलेली युक्ती जाणार नाही. माल वाटून द्यावा, मजुरी नगावर ठेवावी, घरभाडे, दिवा आणि दुखणे कामगाराच्या माथी घालावे, आणि वर त्याला ‘तू तुझा मालक’ म्हणावे, ही रीत आज शिवणकामापासून मोटारसायकलवरून डबे पोचविणाऱ्या शहरी पोरांपर्यंत सर्वत्र आहे. तेव्हा उद्या आपल्या गावात असे एखादे नवे काम आले आणि त्यात मालक कोणीच नाही असे सांगण्यात आले, तर पाटी शोधू नये. संध्याकाळी छाट कोण काढतो, तेवढे पाहावे.